डावा गुडघा

“काकू, तुम्ही एकदा छातीचा एक्स-रे काढून घ्या,” काटकी म्हणाली.

मैदानाच्या वळणावर माझा ठरलेला बाक आहे, तिथे ती थांबली होती. कमरेवर हात, घामानं कपाळाला चिकटलेले केस. सहा किलोमीटर झाले होते, चार उरले होते, आणि मध्येच असं थांबायला तिला सक्त मनाई होती. तरी तिनं घाईघाईनं खिशातून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. चघळायच्या, गिळायच्या नाहीत, असं बजावलं आणि पलीकडून ह्यांची हाक यायच्या आत पुन्हा चालायला लागली.

मला खोकला नव्हता. बावीस वर्षं मी दवाखान्यात केसपेपर लिहिते आहे. दिवसाला शंभर माणसं माझ्या खिडकीत तोंड घालून खोकतात, पण मला साधी सर्दी होत नाही. मी खोकत होते ती ह्यांच्यासाठी. एकदा खोकले की डावा गुडघा वाकतोय, दोनदा खोकले की उजवा.

हे कसं सुरू झालं ते सांगते. सांगायची मला मोठी हौस आहे अशातला भाग नाही. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही, आणि जिला सांगायला हवं तिच्यापुढे उभं राहायची माझी हिंमत नाही.

हे म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना सर म्हणतात, पण ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ते चालण्याच्या शर्यतीचे कोच आहेत. चालण्याचीही शर्यत असते हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि माहीत झालं की हसू येतं. मलाही लग्न ठरलं तेव्हा आलं होतं. मुलगा काय करतो, तर चालतो. पण त्या चालण्याला कडक नियम आहेत. एक पाय कायम जमिनीवर हवा, आणि पुढे टाकलेला पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात सरळ हवा. गुडघा वाकला की ते पळणं झालं. पंच जागोजागी उभे असतात आणि नुसत्या डोळ्यांनी बघतात. तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल कार्ड दिलं की खेळाडू बाद. मग तो पहिला असो की शेवटचा.

काटकी ह्यांच्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती. नाव वेगळं आहे, पण हातपाय असे की ह्यांनी पहिल्याच दिवशी काटकी म्हटलं आणि तेच चिकटलं. वडील नाहीत. आई मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला, दिवसभर ओल्या फरशीवर उभी. संध्याकाळी तिचे पाय इतके सुजायचे की चपलेचे पट्टे रुतून बसायचे. पोरीला पळायचं होतं. ह्यांनी तिला चालायला लावलं. सुरुवातीला ती रडायची, कारण रस्त्यावरची पोरं तिच्यामागून कंबर हलवत चालायची. ह्यांनी त्या पोरांना एक दिवस मैदानात बोलावलं आणि हिच्याबरोबर एक फेरी चालून दाखवा म्हणाले. एकालाही जमलं नाही. त्यानंतर पोरांनी चिडवणं सोडलं असं नाही, पण हिनं रडणं सोडलं.

आठ वर्षं ती रोज पहाटे आली. आम्हाला मूलबाळ नाही. एवढं लिहिलं की पुढचं काही लिहायला नको.

ह्यांचे डोळे गेले ते एकदम नाही. गेले म्हणजे पूर्ण गेले असंही नाही. मधलं जातं आणि कडेचं राहतं, असा तो आजार आहे. समोर बघितलं की समोरचं दिसत नाही, आजूबाजूचं दिसतं. माझ्याशी बोलताना ह्यांना माझा चेहरा दिसायचा नाही, माझ्यामागच्या कपाटाची कडी दिसायची. बऱ्याच नवऱ्यांचं तसंच असतं, म्हणून मला सुरुवातीला काही वेगळं वाटलं नाही. मग एकदा त्यांनी माझ्या हातातल्या कपाशेजारी हवेत हात पुढे केला.

आमच्याच दवाखान्यात नेलं. केसपेपर मीच लिहिला. नाव, वय, पत्ता. तक्रार या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाले, “तक्रार काही नाही.” डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल तेवढं बघायचं. घरी येताना रस्ता ओलांडायला ह्यांनी माझा हात धरला नाही. कडेचं दिसतं ना, गाड्या बरोबर दिसतात. दाराशी आल्यावर म्हणाले, हे कुणाला बोलू नकोस. मी नाही बोलणार म्हटलं.

तीन आठवड्यांनी मोठ्या अकादमीचा कोच आमच्या घरी आला.

त्यानं काटकीला एका स्पर्धेत बघितलं होतं. तो भला माणूस होता, हे मी आज मान्य करते. तेव्हा त्याची टोपीसुद्धा मला उर्मट वाटली होती. राहायला जागा, दोन वेळचं जेवण, कॉलेज, आणि चालताना चित्रण करून तेच सावकाश करून दाखवणारं यंत्र, असं सगळं तो द्यायला तयार होता. काटकीची आई कामावरून तशीच आली होती. ती खुर्चीच्या टोकाला बसली आणि म्हणाली की सर सांगतील तसं करू.

ह्यांनी त्या माणसाच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “खेळाडूला स्वतःचा गुडघा दिसत नाही. तो बघायला कोच लागतो. कोचचं काम तेवढंच असतं, पाणी काय कुणीही देतं. आणि हिचा गुडघा मी ती अकरा वर्षांची असल्यापासून बघतोय.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मी बोलू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं, साखर किती घालू?

तो माणूस चहा पिऊन गेला. ह्यांनी असं का केलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गर्व होता, भीती होती, पण सगळ्यांत जास्त म्हणजे ती पोर गेली असती तर पहाटे उठायचं कशासाठी, हे त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही, असं म्हणायचा माझा विचार होता. पण देते. रोज देते, आणि मग त्यांना जेवायला वाढते.

पुढचं दीड वर्ष त्यांनी कानांवर काढलं. आमच्या मैदानाचा ट्रॅक मातीचा आहे, वर बारीक खडी. गुडघा सरळ असला की टाच आधी टेकते आणि टक असा आवाज येतो, वाकला की अख्खं पाऊल पडतं आणि थप येतो. हे ह्यांनीच मला सांगितलं, मला दोन्ही सारखेच ऐकू यायचे. पण ह्यांचं चुकत नसे. पाठमोरे उभे राहून “डावा” म्हणून ओरडायचे आणि काटकी दुरुस्त करायची. सरांना पाठीला डोळे आहेत, असं ती सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटायची. ते ऐकून हे हसायचे. मी दुसरीकडे बघायचे.

मग तिच्या मामानं तिला नवे बूट भेट दिले. जाड, मऊ तळाचे, आजकाल सगळ्याच मुली घालतात तसे. त्या दिवशी हे मैदानावरून आले आणि चहा न पिताच आत जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, “ऐकू येत नाही.” आता कानही गेले की काय, म्हणून मी घाबरले. तसं नव्हतं. त्या बुटांना आवाजच नव्हता. मांजर गेल्यासारखी पोर समोरून जायची.

तिला जुने बूट घालायला सांगा, मी म्हटलं.

“काय कारण सांगू?” ते म्हणाले.

कारण एकच होतं आणि ते सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गुडघा बघायला शिकवायला घेतलं. आमच्या घरात स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत एक बोळ आहे, दहा पावलांचा. मला पाटावर बसवलं, स्वतः पायजमा मांडीपर्यंत वर खोचला आणि त्या बोळातून शर्यतीचं चालायला लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस, कंबर हलवत, कोपर मारत.

“आता?”

“सरळ.”

“आता?”

“वाकला.”

“कुठला?”

“माझ्या बाजूचा.”

“तुझी बाजू कुठली, बाई? डावा का उजवा ते सांग.”

मी हसले, तेही हसले, आणि भिंतीला हात लावून धापा टाकत उभे राहिले. त्यांची पांढरी, बारीक झालेली पोटरी थरथरत होती. आम्ही लग्नाच्या सुरुवातीलासुद्धा इतके हसलो नसू. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

असा तो खोकला ठरला. मी वळणावरच्या बाकावर बसायचे. मला साखरेचा त्रास आहे, डॉक्टरांनी पहाटेची हवा खायला सांगितली आहे, असं मैदानावर पसरवून दिलं. काटकी समोरून गेली की मी तिच्या गुडघ्याकडे बघायचे. वाकलेला दिसला तर खोकायचे. हे मैदानाच्या मधोमध उभे असत, लगेच ओरडत. पोरीला शंका आली नाही. सरांवर शंका घ्यायची असते हेच तिला माहीत नव्हतं. उलट माझ्या छातीची काळजी वाटून ती गोळ्या आणू लागली. दुसऱ्याच्या खोकल्यावर इतकी माया करणारी माणसं मी दवाखान्यातही फार बघितलेली नाहीत.

आणि मला खरोखर दिसायला लागलं. मीच चकित झाले. बावीस वर्षं खिडकीतून माणसांची फक्त तोंडं बघणारी बाई मी, पण दोन महिन्यांत मला पाऊल टेकायच्या आधी कळायचं की हा गुडघा आता वाकणार. डावा वाकायचा, नेहमी डावाच. त्या मऊ बुटांमुळे ती उसळून पुढे यायची, वेग वाढायचा आणि पाय सरळ व्हायच्या आत अंग वर आलेलं असायचं. मी एकदा खोकायचे, हे “डावा” ओरडायचे, ती हळू व्हायची. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

निवडीच्या स्पर्धेला तेव्हा सहा आठवडे उरले होते. वीज कंपनी आपल्या संघात पहिल्या तिघींना घेणार होती. संघात म्हणजे नोकरीत, कायमच्या. वयाची अट वीसच्या आतली, आणि काटकीला निवडीनंतर महिन्याभरातच वीस पूर्ण होणार होती. पुढची निवड वर्षानं. म्हणजे तिच्यासाठी पुढची निवड नव्हतीच. आईला धुलाईघरातून काढायचं आणि खुर्चीत बसवायचं, एवढीच त्या पोरीची महत्त्वाकांक्षा. पदकाबिदकाचं ती कधी बोलली नाही.

एका सकाळी मी दहा किलोमीटर पुरे व्हायच्या आतच एकोणीस वेळा खोकले. विसाव्या वेळी ह्यांनी “डावा” म्हटल्यावर ती ट्रॅकच्या मधोमध थांबली आणि खाली बसली.

“सर, आठ वर्षं केलं ते सगळंच चुकत होतं का?” तिनं विचारलं. आवाज चढवून नाही. नुसतं विचारलं.

ह्यांनी हातातलं घड्याळ बंद केलं. ती त्या दिवशी अर्ध्यातून घरी गेली. हे जेवले नाहीत. संध्याकाळी अंधार पडला तरी दिवा न लावता बसून राहिले. त्यांना तसा काय फरक पडणार होता, पण मला पडत होता. मी दिवा लावला तर म्हणाले, पोरीचं मन मोडलं मी. आता ती चालेल, पण घाबरत चालेल.

दुसऱ्या दिवशी ती आली. आली याचंच इतकं बरं वाटलं. पहिल्या फेरीला माझ्यासमोरून गेली, डावा गुडघा वाकलेला, आणि माझ्याकडे बघून थोडी हसली, काल रडल्याबद्दल माफी मागावी तसं. मी खोकले नाही.

खोकला घशाशी आला होता. मी तो गिळला. दुसऱ्या फेरीलाही गिळला. चौथ्या फेरीला एकदा खोकले, अगदीच काही नाही असं नको म्हणून. ह्यांनी ओरडून सांगितलं, तिनं मान हलवली आणि दोघंही खूश झाले. सुधारणा होती ना. त्या आठवड्यात तिची वेळ वीस सेकंदांनी कमी आली, पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा. हे त्यांचं वेळ बोलून सांगणारं घड्याळ कानाशी धरून ऐकायचे आणि लहान मुलासारखे टाळी द्यायला हात पुढे करायचे. काटकीचा चेहरा उजळला होता. दोघं हसत होती, आणि ती कशामुळे वेगात चालते आहे हे दिसणारी मी एकटी होते.

मी स्वतःला समजावलं की मला काय कळतं, मी केसपेपर लिहिणारी बाई. इतका थोडा वाकलेला पंचांना दिसणारही नाही. मला दिसतो तो आता मला सवय झाली म्हणून. दवाखान्यातही रोज बघते मी, छातीत दुखत असलेली माणसं पित्त झालंय म्हणून सांगतात. आपल्याला हवं ते दुखणं माणूस लिहवून घेतो.

स्पर्धेच्या शहरात आम्ही आदल्या दिवशी पोहोचलो. सकाळी मोठ्या स्टेडियममध्ये तांबडा, रबरासारखा ट्रॅक बघून हे थबकले. बूट मऊ, ट्रॅकही मऊ. एवढ्या मुली एकदम चालल्या तरी तिथे काही ऐकू येणार नव्हतं. आम्ही कठड्याजवळच्या पहिल्या रांगेत बसलो. ट्रॅकच्या कडेनं सहा पंच उभे राहिले, पांढऱ्या टोप्या घातलेले. समोर एक फळा होता. ज्या मुलीला लाल कार्ड मिळेल तिच्या नंबरापुढे त्याच्यावर लाल ठिपका लागणार होता. काटकीचा नंबर सत्तावीस.

पंचवीस फेऱ्यांची शर्यत. ह्यांना दिसावं म्हणून मी बोलत होते. सहावी आहे, पाचवी झाली, आता चौथी. दहाव्या फेरीला ती तिसरी झाली तेव्हा ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. चारचौघांत त्यांनी असं कधी केलेलं नाही.

अकराव्या फेरीला फळ्यावर सत्तावीसपुढे ठिपका लागला.

“फळ्यावर काही आलं का?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं.

का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. त्यांचा हात माझ्या हातावर होता, एवढंच कारण मला सापडतं. त्याच वेळी सांगितलं असतं तर ते कठड्याशी गेले असते, तिला हळू व्हायला सांगितलं असतं. ती तिसरी नाही तर चौथी आली असती, पण संपवून आली असती. कोण जाणे, पुढच्या एखादीला बादही केलं असतं. हे सगळं मी त्यानंतर हजारदा चालून बघितलं आहे.

सतराव्या फेरीला दुसरा ठिपका लागला. ती तेव्हा दुसऱ्या नंबरावर होती. मी सांगितलं. दोन झाले, म्हटलं.

“दोन? पहिला कधी?”

मी फळ्याकडेच बघत राहिले. ते उठले, कठडा चाचपत खाली गेले आणि वाकून उभे राहिले. पिवळ्या बनियनमधली एक मुलगी समोर आली तशी ते जिवाच्या आकांतानं ओरडले, डावा गुडघा, पोरी, सावकाश, डावा गुडघा. ती काटकी नव्हती. काटकी निळ्या बनियनमध्ये होती आणि पलीकडच्या वळणावर होती. त्या परक्या मुलीनं गोंधळून ह्यांच्याकडे बघितलं आणि आपल्या गुडघ्याकडे बघितलं. मागे बसलेले दोघेतिघे हसले. मी धावत खाली जाऊन ह्यांच्या कानात सांगितलं, पण तोवर काटकी येऊन निघूनही गेली होती.

बाविसाव्या फेरीला तिसरा ठिपका लागला, मुख्य पंच ट्रॅकवर आला आणि त्यानं तिच्यासमोर लाल पाटी धरली. ती त्याला वळसा घालून चार पावलं तशीच पुढे गेली, गुडघा अगदी सरळ ठेवून. मग थांबली. बाकीच्या मुली तिच्या बाजूनं निघून गेल्या.

ती आमच्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. तिच्यामागून हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद घेऊन एक अधिकारी येत होता.

“सर, अपील करा,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा ह्या साहेबांना. तुम्ही रोज बघता.”

अधिकाऱ्यानं सौम्यपणे सांगितलं की पंचांच्या डोळ्यांवर अपील होत नसतं. तिनं त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. ती ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“तुम्ही नुसतं म्हणा सर, की सरळ होता. एकदा म्हणा. मग मी नाही काही बोलत.”

ह्यांनी मान थोडी वळवली. कडेनं तरी ती दिसावी म्हणून असेल.

“मला दिसत नाही, पोरी.”

“इथून नसेल दिसलं. मैदानावर—”

“मैदानावरही नाही. तुझा गुडघा मी दोन वर्षांत बघितलेला नाही. तुझं तोंडसुद्धा नाही.”

तिची बोटं एकेक करून मिटत गेली. दोन वर्षं मागे मोजत असावी. मग तिनं विचारलं की तो अकादमीवाला आला होता तेव्हा? हे म्हणाले, त्याच्या तीन आठवडे आधी कळलं होतं. एक आठवडासुद्धा त्यांनी कमी करून सांगितला नाही.

“मग रोज डावा-उजवा सांगायचात ते?”

मी त्यांच्या शेजारी उभी होते. आता माझं नाव येणार म्हणून मी पदर घट्ट धरला, आणि खरं सांगायचं तर यावं असंही वाटत होतं.

“अंदाजानं,” ते म्हणाले.

त्यांनी मला वाचवलं. मला त्यांचा इतका राग आला की बस्स. पहिला ठिपका मी लपवला हे त्यांना कळलं होतं, गेले सहा आठवडे मी काय केलं तेही तेवढ्यात कळलं असणार. माणूस आंधळा झाला होता, खुळा नव्हे. तरी त्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. समोर शर्यत संपत होती. कुणीतरी पहिली आली, टाळ्या झाल्या, वीज कंपनीचा माणूस तीन नंबर लिहून घेऊन खुर्चीतून उठला. काटकीनं हे सगळं बघितलं. आता ती आईबरोबर धुलाईघरात जाते, त्याच ओल्या फरशीवर उभी राहते, असं मला दवाखान्यातल्या बायकांकडून कळतं. मी स्वतः जाऊन विचारलेलं नाही.

अधिकाऱ्याला घाई होती. बाद केल्याचं कळलं म्हणून कोचची सही लागते, असं म्हणून त्यानं पुठ्ठा पुढे केला आणि ह्यांच्या हातात पेन दिलं. कागद भरगच्च छापलेला होता, आणि तळाशी एक बारीक रेघ. ह्यांचं पेन कागदावर आलं आणि तिथेच थांबलं. थोडं डावीकडे सरकलं, पुन्हा थांबलं. पुढे व्हायला हवं होतं मी. झाले नाही.

काटकीनं नाकाखालचा घाम दंडाला पुसला. ती पुढे आली, ह्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट रेघेच्या सुरुवातीला टेकवून पेनाचं टोक त्या बोटाशी आणलं.

“इथे, सर.”

ह्यांनी सही केली. पहिलं अक्षर तिच्या नखावरच गेलं. त्यांची सही लांबलचक आहे, वेळ लागतो. ती पूर्ण होईपर्यंत तिनं बोट हलवलं नाही.